किलोमीटर पळतायत का?

ट्रकचा स्पीडोमीटर बंद पडला की मुरलेला मीटरमिस्त्री पान्याला हात लावण्याआधी ड्रायव्हरला एवढंच विचारतो, "किलोमीटर पळतायत का?" हायवेच्या कडेच्या गॅरेजांत हा प्रश्न इतक्या सहज कानावर पडतो की त्यातलं कसब लक्षातच येत नाही. "काटा पडलाय, पण किलोमीटर पळतायत उस्ताद," असं उत्तर आलं तर मिस्त्री गाडीखाली वाकतसुद्धा नाही. दोष डॅशबोर्डातच आहे, हे त्याला कळलेलं असतं. "दोन्ही बंद," असं उत्तर आलं तर तो डॅशबोर्ड नंतरसाठी ठेवतो आणि पोतं अंथरून गिअरबॉक्सखाली सरकतो. अजून एकही स्क्रू सुटलेला नाही, आणि गिअरबॉक्सपासून काट्यापर्यंतची निम्मी यंत्रणा संशयातून मोकळी झालेली असते. निदानातली एवढी काटकसर मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

माझ्या डोळ्यांसमोर गाडी आहे ती टाटांची जुनी सोळा-तेरा. ट्रकच्या दुनियेत ती याच नावाने ओळखली जाते. १६१३ म्हणजे १६ टन एकूण वजन आणि १३० अश्वशक्ती. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी १९५४ ते १९६९ असा सहकार्याचा काळ होता, आणि गाडीला वजन-ताकदीच्या आकड्यांनी ओळखायची ही रीत त्याच घराण्यातून आली. नंतरच्या गाड्यांत केबल गेली, सेन्सर आले. पण आस्वाद घ्यायचा तर केबलवाल्या मीटरचाच घ्यावा, कारण त्यात कार्यकारणाची प्रत्येक कडी डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते.

तो प्रश्न इतका नेमका का, हे कळायला मीटरच्या पाठीमागून आत शिरावं लागतं. गिअरबॉक्समधून मागे निघणाऱ्या शाफ्टवर एक वर्म असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेली गरारी. त्यावर एक छोटी गरारी फिरते. त्या गरारीत केबलचं एक टोक आणि मीटरच्या पाठीत दुसरं. चाकं फिरली की हा शाफ्ट फिरतो, शाफ्टबरोबर केबल. मीटरमध्ये शिरल्यावर मात्र या एकाच फिरण्याच्या दोन शाखा होतात. पहिली शाखा दात्यांची. केबल मीटरमधला जो दांडा फिरवते त्याच्या अंगावरच्या बारीक वर्ममधून ती आकड्यांच्या चकत्यांपर्यंत जाते आणि किलोमीटर मोजते. दुसरी शाखा काट्याची, आणि तिच्यात दांडा आणि काटा एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. म्हणून किलोमीटर पळत असतील तर केबल फिरतेय, गरारी फिरतेय, गिअरबॉक्सचं टोक ठीक आहे, हे तीन निष्कर्ष एका दमात हाती येतात. यंत्र कुठे दुभंगतं हे ठाऊक असलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचू शकतो.

न शिवणाऱ्या या शाखेचा शोध स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांचा. त्यांनी १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जगभरच्या मोटारींत हीच पद्धत रुळली. दांड्याच्या टोकाला एक चुंबक. चुंबकाला अगदी लगटून, पण न टेकता, ॲल्युमिनियमची पातळ वाटी. वाटीच्या मधोमध काट्याची बारीक दांडी, आणि त्या दांडीला केसासारखी गुंडाळलेली स्प्रिंग. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरी चुंबक फिरू लागलं की वाटी त्याच्यामागे ओढली जाते, कारण फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या पत्र्यात विजेचे छोटे भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व फिरत्या चुंबकाला धरून जाऊ पाहतं. अडवायला कोणी नसतं तर वाटी गरगर फिरत राहिली असती. स्प्रिंग तिला अडवते. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगचा ताण जिथे बरोबरीत येतात तिथे काटा थांबतो, आणि त्या जागेवर ४० किंवा ६० लिहिलेलं असतं.

इथे तबकडीकडे पुन्हा एकदा नीट बघावं. २० आणि ४० मध्ये जेवढं अंतर, तेवढंच ६० आणि ८० मध्ये. आपण हे गृहीत धरतो, पण ही समता फुकट मिळालेली नाही. चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते आणि स्प्रिंगचा ताण वळण्याच्या प्रमाणात. दोन्ही सरळ रेषेत वाढतात, म्हणून आकडे समान अंतरावर बसतात. ही मांडणी वेगळी असती तर तबकडीच्या एका टोकाला आकड्यांची गर्दी झाली असती आणि दुसऱ्या टोकाला ओसाड माळ. गाडी चालवताना अर्ध्या नजरेत वेग वाचता येतो तो या दोन सरळपणांच्या जुळणीमुळे.

आणखी एक बारकावा मीटर उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडूनही पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या ट्रकचा डॅशबोर्ड हात ठेववत नाही इतका तापतो. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, म्हणजे भोवरे दुबळे होतात. चुंबकही तापून थोडं मंदावतं. मग दुपारी काटा कमी दाखवायला हवा आणि पहाटे जास्त. तसं होऊ नये म्हणून चुंबकाजवळ निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूची एक पट्टी बसवलेली असते. थंडीत ती चुंबकाच्या प्रभावातला काही वाटा स्वतःतून परस्पर वळवून नेते. तापली की तिची ही वाहून नेण्याची शक्ती कमी होते, आणि तो वाटा आपोआप वाटीकडे जातो. वाटी जेवढी दुबळी झाली तेवढी तिला जादा रसद. ना वीज, ना हलणारा भाग. एवढ्याशा निर्जीव पट्टीने ऋतू सांभाळावेत, ही मला या मीटरमधली सर्वांत देखणी योजना वाटते.

आता दोषांकडे. काटा कधी नुसता बंद पडत नाही. तो वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतो आणि प्रत्येक तऱ्हेला अर्थ असतो. गाडी जेमतेम हलली आणि काटा थेट शेवटच्या खुंटीला जाऊन भिडला, तर केसासारखी स्प्रिंग सुटली आहे किंवा चुंबक आणि वाटी यांच्यातली फट भरून निघाली आहे. गाडी उभी असून काटा पाच-दहावर अडकून राहत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा काट्याच्या दांडीच्या बैठकीत मळ धरला आहे. काटा चालतो आणि किलोमीटर थांबलेत, असं असेल तर आकड्यांकडे जाणारी बारीक गरारी तुटली आहे, आणि ती बहुधा प्लास्टिकची असते. काटा खरा आणि किलोमीटर खोटे, किंवा याच्या उलट, असं झालं तर दोष मीटरच्या आत. दोन्ही खोटे आणि दोन्ही एकाच प्रमाणात खोटे, तर मीटर निर्दोष. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, पुढे त्याच्यावर बरंच काही उभं आहे.

सगळ्यांत वाचनीय लक्षण मात्र थरथर. वीस-पंचवीसच्या वेगाला काटा नाचतो, आणि पन्नासच्या पुढे गेलं की शहाण्यासारखा स्थिर होतो. नवखा माणूस म्हणेल, मीटर खराब. जाणता मिस्त्री केबलकडे वळतो. कोरडी पडलेली किंवा मुरडलेली केबल वळणाशी क्षणभर अडते. खालून गिअरबॉक्स तिला पिळत राहतो. पीळ साठतो, मग एकदम सुटतो, आणि काटा उडी मारतो. वेग वाढला की हे अडणं-सुटणं इतकं झपाट्याने होतं की काट्याला त्याच्यामागे धावता येत नाही, तो मधल्या जागी स्थिरावतो. डॅशबोर्डाच्या मागून हलकी टिकटिक ऐकू येत असेल तर शंकाच नको. काट्याच्या नाचण्यातून दोन मीटर लांबच्या वळणातला कोरडेपणा ओळखायचा, याला माझ्या लेखी गवयाच्या कानाची तयारी लागते.

केबलचं रूपही बघण्याजोगं आहे. बाहेरचं कवच स्थिर, आत फिरते ती तार. ही तार एकसंध नसते. बारीक पोलादी तारांचे थर एकमेकांवर उलटसुलट दिशेने गुंडाळलेले असतात, सुंभाची दोरी वळताना एका पिळावर उलटा पीळ देतात तसे. त्यामुळे ती वाकते, पण सहजासहजी पिळली जात नाही. ज्या दिशेने ती फिरणार त्या दिशेने तिचा बाहेरचा थर आवळत गेला पाहिजे, सैलावता कामा नये. रिव्हर्सला थोडी सैल होते, तेवढं तिला सोसतं. टोकं चौकोनी ठोकलेली, म्हणजे मीटरच्या आणि गरारीच्या चौकोनी भोकांत ती नुसती सरकवायची. आतली तार निरोगी आहे का हे बघायची मिस्त्रीची रीत तर डोळ्यांचं पारणं फेडणारी. तो तार कवचातून ओढून काढतो, पुसतो, दोन्ही हातांत दोन टोकं धरून तिला मोठ्या कमानीत सोडतो, आणि एक टोक चिमटीत हळूहळू फिरवतो. दुसऱ्या हातातलं टोक त्याच संथपणे फिरलं तर तार चांगली. ते अडून मग टुणकन फिरलं तर तारेत कुठेतरी मुरड आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. काट्याची उडी त्याने चिमटीत पकडलेली असते.

केबल बसवण्यातही हात ओळखता येतो. गिअरबॉक्समधून बाहेर पडताना आणि मीटरमध्ये शिरताना पहिले दोनेक इंच तिला सरळ ठेवायचं, आणि वाटेत सहा इंचांपेक्षा लहान त्रिज्येचं वळण द्यायचं नाही. सायलेन्सरपासून लांब, आणि क्लॅम्प कवचाला धरेल एवढाच, दाबेल असा नको. मग ग्रीस. खालून वरपर्यंत सढळ ग्रीस भरणारा माणूस मेहनती असतो, पण मीटरवाला नव्हे. चांगला कारागीर तारेला पातळ थर देतो, तार कवचात पूर्ण सरकवतो, आणि मीटरकडच्या टोकाने आठेक इंच पुन्हा बाहेर ओढून तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसून काढतो. मगच मीटरला जोडतो. कारण फिरती तार ग्रीसला हळूहळू वर ढकलत नेते. ते ग्रीस मीटरमध्ये शिरलं की चुंबक आणि वाटी यांच्यातल्या त्या अस्पर्श फटीत जाऊन बसतं, आणि मग विजेच्या भोवऱ्यांच्या जोडीला चिकटपणाची ओढही वाटीवर येते. काटा वाटेल ते आकडे दाखवू लागतो. आठ इंच पुसून घेण्याच्या त्या एका हालचालीत सगळं यंत्र समजल्याची खूण आहे.

याच्याच पुढची पायरी म्हणजे गिअरबॉक्सचं तेल. खालच्या गरारीचं सील गेलं तर गिअर ऑइल केबलच्या कवचात उतरतं. तार म्हणजे पीळ असलेला दांडा, आणि कवच म्हणजे त्याला घट्ट बसलेली नळी. पाणी वर चढवणाऱ्या आर्किमिडीजच्या स्क्रूची हीच रचना. तेल मीटरपर्यंत चढतं आणि एक दिवस तबकडीच्या काचेआड तपकिरी ओघळ दिसतो. अशा वेळी मीटर धुऊन नवी केबल टाकणं म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा तेच. काचेआडचा ओघळ बघून थेट गिअरबॉक्सच्या शेपटाशी जाऊन चार पैशांचं सील बदलणारा मिस्त्री दिसला की मला त्याच्या बुद्धीचा लोभ वाटतो.

केबल तुटली असेल तर ती का तुटली, हेही जाणता माणूस विचारतो. पुष्कळदा मीटरचा दांडाच आत मळाने जाम झालेला असतो आणि त्याच्या हट्टापायी तार तुटते. म्हणून नवी केबल चढवण्याआधी तुटक्या तारेचा वीतभर तुकडा मीटरच्या चौकोनी भोकात घालून तो बोटांनी फिरवून बघतो. सहज फिरला तर ठीक. जड लागला तर नवी केबलही संध्याकाळपर्यंत तुटणार. तुटलेल्या वस्तूचा असा उपयोग करून घेणं मला फार आवडतं.

आता दुकान. ट्रकचा सुटा भाग अचूक शोधणं ही निदानाइतकीच मोठी विद्या आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला काउंटरपुढे उभं राहून ऐकावं. "शेठ, सोळा-तेराची मीटर केबल द्या." यावर कच्चा दुकानदार केबल काढून देतो. पक्का दुकानदार विचारतो, "सहाशे सत्त्याण्णव का कमिन्स? गिअरबॉक्स चाळीस का पन्नास? जुनी आणलीय का?" गिऱ्हाइकाला वाटतं, किती ही चौकशी! पण एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षं बनत राहिली, तिच्यात कधी टाटांचं ६९७ इंजिन आलं तर कधी कमिन्सचं, कधी जीबीएस ४० गिअरबॉक्स आला तर कधी जीबीएस ५०. नाव तेच राहिलं, पोट बदललं. दुकानदाराचा प्रत्येक प्रश्न पोटातला एक बदल बाजूला काढत जातो. मिस्त्रीने निदानात जे केलं, तेच हा इथे करत असतो.

जुना नमुना हातात आला की काउंटरवरचं वाचन सुरू होतं. आधी लांबी, तीही कवचाची आणि तारेची वेगवेगळी, कारण तारेचं टोक मीटरकडे कवचाबाहेर सुमारे एक सेंटिमीटरच डोकावलं पाहिजे. कमी डोकावलं तर ते चौकोनी भोकात पोहोचत नाही, जास्त डोकावलं तर मीटरच्या दांड्याला पाठीमागून रेटत राहतं आणि बैठक खाऊन टाकतं. मग टोक चौकोनी की चपटं. मग नटाचे आटे. नवा नट जुन्या जागी बोटांनीच दोन-तीन फेरे चढला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर तो नट त्या जागेचा नाही, कितीही सारखा दिसो. टाटांचा पार्ट नंबर बारा आकडी असतो, आणि जुन्या भागावर तो वाचता येत असेल तर बाकीची परीक्षा वाचते. पण ट्रकच्या पोटाखाली चिखल आणि तेल खाऊन वर्षं काढलेल्या भागावर नंबर क्वचितच उरतो. तेव्हा उरतात ते दुकानदाराचे डोळे. पितळी नटावरून नख फिरवून "हा बारीक आट्याचा आहे, आपल्याकडचा नाही" असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पाहिला आहे. धंदा सोडून दिलेल्या त्या एका वाक्याने त्याच्या दुकानाची पत माझ्या मनात कायमची ठरली.

मीटर विकत घेताना मात्र लांबी आणि आटे पुरत नाहीत. जर्मन वळणाच्या मीटरवर तबकडीच्या खालच्या अंगाला, सहसा कोणी न वाचणाऱ्या बारीक अक्षरांत, 'डब्ल्यू' आणि एक आकडा छापलेला असतो. डब्ल्यू बरोबर १ म्हणजे केबलच्या एका फेऱ्याला एक मीटर अंतर, किलोमीटरला १,००० फेरे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे त्या वेगाला केबल मिनिटाला बरोबर १,००० फेरे घेते. स्मिथ्सच्या ब्रिटिश मीटरवर हीच गोष्ट मैलामागच्या फेऱ्यांत लिहिलेली असते. तबकडी सारखी, व्यास सारखा, आकडे सारखे, आणि हा एक बारीक आकडा वेगळा असेल तर मीटर त्या गाडीचा नव्हे. कुर्ल्याच्या भंगारबाजारात मीटर चाळताना सराईत माणूस काच पुसतो ती आधी खालच्या बाजूची. बाकीचे लोक वरचा १२० बघत असतात.

या आकड्याचा खरा कस लागतो तो गाडीचा मागचा धुरा बदलल्यावर. सोळा-तेराच्या डिफरेन्शियलमध्ये क्राऊनला ४१ दाते, आणि पिनियनला सहा किंवा सात. घाटात ओझं ओढायला सहाचं पिनियन, सपाटीवर पळायला सातचं. समजा, एका मालकाने सहाचं काढून सातचं टाकलं. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट पूर्वी ४१ भागिले ६, म्हणजे ६.८३ फेरे घेत होता. आता ४१ भागिले ७, म्हणजे ५.८६ घेतो. एकेचाळीस दोन्हीकडून उडतो आणि उरतं निव्वळ सहा-सप्तमांश. मीटरची गरारी जुनीच राहिली तर गाडी खऱ्या ७० ने जाते तेव्हा काटा ६० दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहननियमाचं सूत्रच असं आहे की मीटरने वेग थोडा जास्त दाखवला तर चालेल, खऱ्यापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये. इथे नेमकं तेच घडतं, आणि ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही.

या दोषाचा पहिला बोभाटा वेगावरून होत नाही, डिझेलवरून होतो. किलोमीटरच्या चकत्याही सहा-सप्तमांशच पळतात. लिटरला खरे ४.२ किलोमीटर देणारी गाडी वहीत ३.६ देते. मालक वही बघतो आणि त्याची नजर ड्रायव्हरकडे वळते. "तेल कुठं मुरलं?" हा प्रश्न मी ट्रकअड्ड्यावर ऐकला आहे, आणि त्यावर खाली मान घालून उभा राहिलेला माणूसही पाहिला आहे. त्याच्या हातात पुरावा काही नसतो. शिवाय गाडीचं इंजिन ऑइल १८,००० ला बदलायचं असेल तर ते खऱ्या २१,००० ला बदललं जातं, आणि त्याचं नुकसान वर्षभराने वेगळ्याच नावाने समोर येतं.

इथे मिस्त्रीचं शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत सुंदर कसब दिसतं. तो ड्रायव्हरला म्हणतो, "भाऊ, हायवेला काटा साठवर धरून ठेव, आणि किलोमीटरच्या दोन दगडांमधले सेकंद मोज." साठचा वेग खरा असेल तर ६० सेकंद लागतील. इथे ५१-५२ लागतात. ३,६०० ला ५१.४ ने भागलं की ७० येतात. मग दुसरी कसोटी: ३५ दगड ओलांडल्यावर मीटरवर किती किलोमीटर चढले? ३०. काटा आणि किलोमीटर दोन्ही खोटे, आणि दोन्ही नेमके एकाच प्रमाणात खोटे. चुंबक थकलं असतं तर काटा चुकला असता, किलोमीटर चुकले नसते. चकत्यांची गरारी तुटली असती तर किलोमीटर चुकले असते, काटा नाही. म्हणजे मीटरला हात लावायचा नाही. नवा मीटर आणला असता तर तोही हेच सांगत राहिला असता.

रस्त्यावर जायला वेळ नसेल तर गॅरेजच्या अंगणातही हे सिद्ध होतं. केबल मीटरकडून सोडवायची, तारेच्या टोकाला कागदाची चिठ्ठी गुंडाळायची. जमिनीवर टेपने ३५ मीटर मोजून दोन खडूच्या रेघा मारायच्या आणि गाडी पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत सावकाश सरकवायची. केबिनमध्ये बसलेला पोरगा चिठ्ठीचे फेरे मोठ्याने मोजतो. डब्ल्यू एकच्या मीटरला ३५ फेरे हवेत. पोरगा तीसवर थांबला, की दोष गिअरबॉक्स आणि चाक यांच्या दरम्यानच्या हिशेबात आहे हे सिद्ध झालं. टेप, खडू, कागद, आणि मोजणारा पोरगा. प्रयोगशाळेत याहून स्वच्छ प्रयोग मांडून दाखवावा.

उपायही दात्यांचाच. केबलला सात-षष्ठांश जलद फिरवायचं आहे, म्हणजे मीटरच्या गरारीला तेवढ्या प्रमाणात कमी दाते हवेत. उदाहरणार्थ, १४ असतील तर १२. दाते बदलले की गरारीचा व्यास बदलतो आणि वर्मपासूनचं तिचं अंतरही, म्हणून गरारी नेहमी तिच्या बुशासकट जोडीने घ्यावी. अशी जोडी मिळत नसेल तर केबलच्या वाटेत बसणारी प्रमाण बदलणारी छोटी गिअरपेटी येते. टायरचं प्रकरण याच जातीचं पण सौम्य. ९.००-२० च्या जागी १०.००-२० चढवला की व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि काटा तेवढा मागे पडतो. टायर घासत गेला की याच्या उलट. एवढ्या फरकासाठी गरारी बदलायला कोणी जाऊ नये.

सेन्सरच्या गाड्यांत केबल नाही, पण विचाराची रीत तीच. हॉल सेन्सरला तीन तारा: पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नलची खूण. मल्टिमीटरने तिन्ही तपासल्याशिवाय क्लस्टर बदलायचा नाही. सेन्सरच्या टोकाला चुंबकत्व असतं, म्हणून गिअरबॉक्समधला लोखंडाचा बारीक कीस तिथे दाढीसारखा चिकटतो आणि खुणा गळू लागतात. सेन्सर काढून टोक पुसलं की पुष्कळदा काम संपतं. दोन तारांचा जुना सेन्सर अगदी कमी वेगाला गप्प राहतो, कारण त्याची वीज वेगातूनच जन्मते. तो त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले सेन्सर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

गाडीमालकांना एक विनंती आहे. ॲव्हरेज घसरला म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून कापून घेण्याआधी, मागच्या वर्षा-दोन वर्षांत धुरा, गिअरबॉक्स किंवा टायरचा साइज बदलला होता का, हे वहीत बघा. बदलला असेल तर अंगणात ३५ मीटर मोजा आणि फेरे मोजायला त्याच ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवा.